फ्लॅट विकायचाय दोन-तीन वर्षांत, मग किचन करू की बाथरूम फोडू?

हातात चार-पाच लाख, तोवर राहायचंही तिथेच, असा प्रश्न असेल तर आमचं ऐका. आमचा कोथरूडचा टूबीएचके, बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. आम्ही हौसेने आधी मॉड्युलर किचन आणि हॉलला फॉल्स सीलिंग करून बसलो.

विकायला काढल्यावर एक काका मुलासाठी बघायला आले, मी कौतुकाने सीलिंगच्या लायटी लावून दाखवल्या तर म्हणाले, "वरून गळतंय का?" मग बाथरूममध्ये जाऊन खिशातल्या नाण्याने टाइल्स टकटक वाजवून बघितल्या, दोन पोकळ लागल्या, पलीकडे बेडरूमच्या भिंतीला पोपडे होतेच, आणि जाताना खालच्या मजल्यावरच्या वहिनींना "तुमच्याकडे ओल येते का हो" विचारून गेले! किचनबद्दल फक्त "छान आहे".

किचनचं असं आहे की घेणारी बाई तिच्या सवयीने परत करून घेते. ट्रॉल्या तुमच्यासाठी करा, विक्रीसाठी नको. ग्रॅनाइटचा कट्टा, सिंकखाली ओल नसणं, चिमणीला पॉइंट, एवढं बास.

बाथरूम उलटं, दिसत काहीच नाही पण भाव तिथेच पडतो. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजतात, प्रेशर जातं, ते काढून सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारे प्लास्टिकचे) टाका, वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल बसवायच्या आधी पाणी भरून दोन दिवस ठेवा आणि खालच्यांचं छत बघून या. भिंत बुजवायच्या आधी पाइपांचे फोटो काढा, गिऱ्हाइकाला दाखवायला सोन्यासारखे. तसंही संडास-बाथरूमची आतली गळती सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाच्याच खर्चात येते.

वायरिंगचा नंबर या दोघांच्या मधे. एसीला ४ स्क्वेअर एमएमची वायर, एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच), ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). रंग सगळ्यात शेवटी, विकायच्या महिन्यात, पांढरट. बाल्कनी मात्र परवानगीशिवाय आत घेऊ नका, बँकेचा व्हॅल्युअर (घेणाऱ्याच्या कर्जासाठी घराची किंमत ठरवणारा) मंजूर नकाशा बघतो, आणि तुमचं फर्निचर तो जवळजवळ धरतच नाही, कार्पेट एरिया, बिल्डिंगचं वय आणि एरियाचा रेट हेच बघतो. म्हणजे इंटिरियरचे वरचे पैसे घेणाऱ्याला खिशातून घालावे लागतात, म्हणून तो तिथेच घासाघीस करतो.

अजून एक, पक्की बिलं घ्या. कॅपिटल गेन (घर विकून झालेला, टॅक्स लागणारा नफा) काढताना सुधारणेचा खर्च वजा होतो, रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती सहसा त्यात धरत नाहीत. २३ जुलै २०२४ पासून लाँग टर्मला (घर दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तर) इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता, १२.५ टक्के टॅक्स, त्याआधी घेतलेल्या घराला भारतात निवासी असलेल्या व्यक्तीसाठी इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचाही हिशोब करून कमी टॅक्स बसेल तो भरता येतो. आमच्या सुताराला रोख दिले होते, सीएने बिल मागितलं तेव्हा गप्प बसलो.

शेवटी बाथरूम फोडलंच, दीड महिना शेजारी आंघोळीला जात होतो. फ्लॅट त्याच काकांनी घेतला, आणि ताबा मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते सीलिंग काढलं.