काळ्या गाडीचे स्वर्ल मार्क्स घरीच काढले, वर कोटिंग केलं: ८ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी साधी काळी, मेटॅलिक नाही, आणि सेकंड हँड घेतलेली. सावलीत उभी असली की झकास दिसायची, पण उन्हात बॉनेटवर नजर गेली की कोळ्याचं जाळं विणल्यासारखे गोल गोल ओरखडे, म्हणजेच स्वर्ल मार्क्स, अख्ख्या गाडीभर. आधी एके ठिकाणी रबिंग-पॉलिश करून घेतलं होतं, गाडी हातात आली तेव्हा आरसा वाटत होती आणि दोन धुण्यांत जाळं जसंच्या तसं परत. नंतर कळलं की ओरखडे काढलेच नव्हते, पॉलिशमधल्या तेलाने आणि फिलरने नुसते बुजवले होते, शॅम्पूने ते धुऊन गेलं. तेव्हा ठरवलं की आता हे काम समजून घेऊन स्वतःच करायचं. त्याला आता ८ महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट, जी मला उशिरा समजली. हे ओरखडे खरं तर गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना गेलेले सरळ-वाकडे बारीक चरे असतात, पण दिव्याचं प्रतिबिंब पडतं त्याच्याभोवती जे चरे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला चक्र दिसतं. दिवा हलवला की चक्र पण सोबत हलतं. आणि ते येतात कुठून, तर कोरड्या फडक्याने धूळ पुसण्यातून आणि एकाच बादलीतल्या गढूळ पाण्याने धुण्यातून.

दुसरी गोष्ट म्हणजे पॉलिश करणं म्हणजे चमक वर चढवणं नाही, रंगाचा वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, थोडा घासून कमी करणं, म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा भाग खाली आणायचा. कारखान्यातून आलेला सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो आणि त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० च्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. शिवाय ऊन सोसायची ताकद त्याच थरात असते, तो फार पातळ झाला की काही वर्षांनी रंग पांढुरका पडतो, पापुद्रे निघतात. त्यामुळे मी पहिल्यांदा थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, घेतला. बॉनेट, छत सगळीकडे ११० ते १२५ आलं आणि उजव्या मागच्या दारावर एकदम २६०! म्हणजे ते दार परत रंगवलेलं होतं, विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. गेज फक्त एकूण जाडी सांगतो, त्यात क्लिअर किती ते कळत नाही, आणि साधा गेज प्लॅस्टिकच्या बंपरवर चालतच नाही हे पण लक्षात ठेवा. गाडीला क्लिअर कोट आहे ना हे बघायला पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन दाराच्या आतल्या कडेला घासलं, फडकं काळं झालं नाही, म्हणजे वर क्लिअर आहे.

पॉलिशच्या आधीची तयारी कंटाळवाणी आहे पण ती सोडू नका. नीट धुतली, आयर्न रिमूव्हर मारला (ब्रेकचा लोखंडी भुगा रंगात रुतलेला असतो, त्यावर पडला की जांभळे ओघळ येतात), मग भरपूर शॅम्पूच्या पाण्यावर क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा) फिरवला. हाताला प्लॅस्टिकची पिशवी चढवून पॅनलवरून बोटं फिरवा, नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा भाग पिशवीतून चक्क सँडपेपरसारखा लागतो. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा सरळ टाकून द्यायचा.

पॉलिशचं मशीन डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, १५ मिमी थ्रोचं (म्हणजे डुलण्याचा आवाका तेवढा), ५ इंची बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड चिकटवायची तबकडी. रोटरी मुद्दाम घेतलं नाही, ते एकाच जागी गरगर फिरतं, हात बसलेला नसेल तर कडेला रंग जळतो आणि होलोग्राम, म्हणजे उन्हात दिसणारे धुरकट पट्टे, उठतात. डीए गोल फिरतं आणि सोबत डुलतं, त्यामुळे उष्णता कमी आणि शिकणाऱ्याला बरंच माफ करतं. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा. सपाट बॉनेटवर ती रेघ छान फिरताना दिसायची आणि फेंडरच्या गोलाईवर आले की रेघ थांबलेली, म्हणजे मशीन नुसतं थरथरतंय, पॅड फिरतच नाही, घासलं काहीच जात नाही. मी अर्धा फेंडर तसाच केला होता, रेघ दिसली म्हणून कळलं. पॅड पृष्ठभागाला सपाट ठेवला आणि दाब कमी केला की परत फिरायला लागतं, मशीनचं वजन आणि हाताचा हलका भार एवढं पुरतं.

आधी बॉनेटच्या एका कोपऱ्यात साधारण दीड फूट चौकोनात टेस्ट स्पॉट केला. सगळ्यात मवाळ जोडीपासून सुरुवात, फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम पॅड. बारीक जाळं गेलं पण खोल चरे तसेच. मग मायक्रोफायबर कटिंग पॅड आणि कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश), चरे गेले पण रंग धुरकट झाला, माझ्या गाडीचा रंग मऊ आहे आणि मऊ काळ्यावर हे होतंच. शेवटी मध्यम फोम पॅडवर कंपाउंड आणि त्यावर मऊ पॅडने फिनिशिंग, हे जमलं. प्रत्येक वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून त्याने पुसायचं आणि मग दिव्याखाली बघायचं, नाहीतर तेलामुळे फसगत होते, माझ्या पहिल्या रबिंगसारखी. तुमच्या गाडीला हीच जोडी लागेल असं अजिबात नाही, टेस्ट स्पॉट तुमचा तुम्हालाच करावा लागेल.

मग तेच अख्ख्या गाडीवर. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, आधी उभे मग आडवे हात, निम्मा निम्मा भाग एकमेकांवर चढवत, अगदी सावकाश. कडांना आणि बॉडीच्या धारदार रेषांना टेप लावला कारण तिथे रंग मुळातच पातळ बसतो. सगळ्यात मोठी चूक पॅडच्या बाबतीत झाली. मी चारच पॅड घेतले होते. घासलेला रंग आणि वाळलेलं कंपाउंड पॅडमध्ये साचत जातं, पॅड गरम होतो, एकाचं तर मागचं वेल्क्रो सुटून फोम मधूनच निघाला. प्रत्येक भागानंतर ब्रशने पॅड साफ करायचा आणि पूर्ण गाडीला आठ-दहा पॅड तरी हवेत. दोन शनिवार-रविवार मिळून २० तासांच्या वर गेले, खांदे दोन दिवस दुखत होते. पण डाव्या मागच्या दारावर दिवा धरला आणि चक्राच्या जागी फक्त दिव्याचा एक स्वच्छ ठिपका दिसला तेव्हा मी तिथेच खाली बसून पाच मिनिटं नुसती बघत राहिले, एवढा खोल काळा रंग या गाडीत होता हे मला माहीतच नव्हतं.

गेजवर आधी-नंतरचा फरक जेमतेम आला, २-३ मायक्रॉन, आणि तेवढी चूक गेजची स्वतःचीच असते. सगळे चरे काढायच्या मागे लागले नाही. नख अडकतं तो चरा पॉलिशने सुरक्षितपणे जात नाही, त्याच्या आजूबाजूचं सगळं गुळगुळीत करून घेतलं की तो लांबून कळत नाही, बस.

कोटिंग सिरॅमिक लावलं (रंगावर पुसून लावायचं द्रव, वाळून पारदर्शक कडक थर होतो), दोन थर. यात ९एच लिहिलेलं असतं त्यावर फार जाऊ नका, ते पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाचं स्केल आहे, याचा अर्थ ओरखडे पडणार नाहीत असा होत नाही. थर जास्तीत जास्त एक-दोन मायक्रॉनचा, उडालेला खडा तो काय अडवणार. खड्यांपासून वाचवायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, ती १५० मायक्रॉनच्या वर जाड असते, खर्च आणि कौशल्य दोन्ही वेगळ्याच पातळीवरचं. कोटिंग लावताना एक भाग लावायचा, इंद्रधनुष्यासारखी झाक आली की लगेच पुसायचं. डिकीवर माझ्याकडून एक पट्टा पुसायचा राहिला, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गडद डाग, कोटिंग घट्ट होऊन बसलेलं. पॉलिश करून काढावं लागलं आणि परत लावावं लागलं. चांगला दिवा कोटिंगच्या वेळी पण हातात हवाच.

आता ८ महिन्यांत काय झालं. धुणं खूप सोपं झालं, चिखल पाण्याच्या फवाऱ्यानेच निम्मा निघतो. बॉनेट आणि छतावर पाणी अजून मोत्यांसारखं उभं राहतं. दारांच्या खालच्या भागात पाचव्या महिन्यात थेंब बनणं बंद झालं होतं, मला वाटलं कोटिंग गेलं, पण आयर्न रिमूव्हर आणि जरा कडक शॅम्पूने धुतल्यावर परत आलं, वर रस्त्याची चिकट मळी बसली होती. पाण्याचे डाग मात्र पडतात, उलट जास्तच पडतात असं माझं मत, कारण थेंब उभे राहतात आणि उन्हात तिथेच वाळून क्षारांची कडी उमटतात. पांढरा व्हिनेगर पाण्यात घालून बरेच गेले, दोन रंगात उतरलेत ते आहेत अजून. पक्ष्याची विष्ठा एकदा दीड दिवस राहिली, तिचाही पुसट ठसा उमटला.

आणि तिसऱ्या महिन्यात धाकटे दीर आले होते, सकाळी बघते तर गाडी पुसून ठेवलेली. "वहिनी, धूळ होती म्हणून पुसून टाकली." प्रेमाने केलं होतं, मी काही बोलले नाही, पण बॉनेटवर हात फिरला तशा कमानी उमटल्या होत्या. कोटिंगने त्या अडवल्या नाहीत. तेवढा भाग परत फिनिशिंग पॉलिश केला, त्याबरोबर तिथलं कोटिंग पण निघालं, ते परत लावलं. तेव्हापासून गाडीला कोरडं फडकं लावायचं नाही हे घरात सगळ्यांना समजावून सांगितलंय, धूळ असली तर असू दे.

धुताना आधी नुसत्या पाण्याने भरपूर धूळ उतरवते, मग फोम, मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी, तळाला जाळी. वरून खाली, चाकांजवळचा भाग सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या मिटने. वाळवायला मोठा टॉवेल पसरून अलगद ओढायचा, रगडायचा नाही. टॉवेल खाली पडला की तो रंगासाठी बाद, चाकांना वापरायचा. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, पाणी शोषायचंच बंद होतं. परवा दिव्याखाली सगळी गाडी तपासली, बॉनेटवर शोधून चार-पाच बारीक रेघा सापडल्या, बाकी तशीच.

ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलखाली एक बोटभर लांब चरा आहे, नख अडकतं त्यात, तो तसाच ठेवलाय. टच-अप पेंट आणून ठेवलंय, हवा जरा कोरडी झाली की काडीच्या टोकाने थरावर थर देत भरून बघणार आहे.