लेकराच्या फिटसाठी करंटची ट्रीटमेंट, संभाजीनगरच्या सेंटरचा अनुभव

माझा भाचा ५ वर्षांचा, राहायला परभणीकडं. फिटच्या गोळ्यांमध्ये व्हॅल्प्रोएट झालं, लेव्हेटिरासिटॅम झालं तरी झटके चालूच. दोन बरोबर औषधं पुऱ्या डोसमध्ये देऊनबी फिट थांबत नसेल तर लेकराला लवकर मोठ्या सेंटरला दाखवायचं असतं, हे गावाकडं आम्हाला कुणी सांगितलंच नाही, सगळे कांदा हुंगवा नाहीतर चप्पल हुंगवा यातच.

या सेंटरला टीडीसीएस करतात, म्हणजे डोक्यावरून मेंदूला हलका करंट देतात. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंजचे दोन पॅड डोक्याला बांधतात आणि १-२ मिलिअँपिअर एवढाच करंट साधारण २० मिनिटं सोडतात, भूल नाही की टाका नाही. फिट जिथून सुरू होते तिथं निगेटिव्ह पॅड बसवतात म्हणजे तिथल्या पेशींचा भडका कमी व्हावा, म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नीट झालेला लागतोच. पॅडखाली जरा खाज सुटली, बाकी पोरगं कार्टून बघत बसलं.

पण मी स्टार देतोय ते डॉक्टरांच्या खरेपणाला. पहिल्या भेटीत त्यांनी सिटिंग दिलंच नाही! म्हणाले आधी एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी करा, मेंदूचं ऑपरेशन होण्यासारखं असेल तर ते आधी, कारण त्याचा पुरावा पक्का आहे आणि हे अजून संशोधनात आहे. थायलंडमधला २०१३ चा अभ्यास सांगितला, ३६ मुलं, एकच सिटिंग, झटके कमी झाले पण ५ टक्क्यांच्या आसपासच, आणि ती मुलंही ६ वर्षांपुढची. एवढं स्पष्ट कोण सांगतं हो! दुसऱ्या एका ठिकाणी फोनवरच पॅकेजचा रेट सांगून गोळ्या बंद होतील म्हणाले होते. गोळ्या अशा एकदम बंद केल्या तर फिट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते, लेकराच्या जीवावर बेततं, असल्यांच्या नादी अजिबात लागू नका.

मोठ्या सेंटरनं तपासून सांगितलं की फिटची जागा बोलण्याच्या भागाला लागून आहे, ऑपरेशन नको. मग सिटिंग सुरू केले. झटके कमी झालेत, थांबले नाहीत, आणि त्याच काळात गोळीचा डोसही वाढवला होता त्यामुळं फरक कशानं पडला ते सांगता येणार नाही हे डॉक्टर स्वतःच बोलले.

एक तक्रार, डोक्याला तेल लावून आणू नका हे फोनवर कुणी सांगत नाही, तेलानं करंट नीट जात नाही म्हणून तिथंच बेसिनवर डोकं धुवायला लावलं, रडून रडून लाल झालं लेकरू. जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि फिट आली तेव्हाचा मोबाईलवरचा व्हिडिओ न्या, डॉक्टर तोच आधी मागतात.