रेडिस की व्हॅल्की? आधी लायसन्स कोणाच्या हातात आहे ते बघा

रेडिस आणि व्हॅल्की ही दोन्ही डेटा मेमरीत ठेवून झटकन देणारी सॉफ्टवेअर. नव्या प्रकल्पात कॅशसाठी (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवण्यासाठी) रेडिस घ्यायचं की व्हॅल्की, हे ठरवताना बहुतेक जण आधी वेगाचे आकडे शोधतात. मी आधी वेगळंच बघतो: उद्या कुणाला लायसन्स बदलावंसं वाटलं, तर त्याला किती जणांना विचारावं लागेल? मार्च २०२४ पर्यंत दोन्हींचा कोड एकच होता. वाटा वेगळ्या झाल्या त्या याच मुद्द्यावर.

साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९मध्ये रेडिस आणलं, बीएसडी लायसन्सखाली, म्हणजे कोड कुणीही वापरावा, बदलावा, विकावा अशी मुभा देऊन. २०२०मध्ये ते बाजूला झाले तेव्हा पाच जणांची टीम नेमली गेली. त्यात तिघे रेडिस लॅब्स या कंपनीचे, एक जण अ‍ॅमेझॉनमधून, एक अलिबाबामधून. गाभा कायम बीएसडीच राहील, असं कंपनीने २०१८मध्ये सांगितलेलं होतं. २० मार्च २०२४ला तो शब्द मोडला. ७.४ आवृत्तीपासून अशी दोन लायसन्स आली की क्लाउड कंपन्यांना करार केल्याशिवाय रेडिसची सेवा विकणं अवघड झालं. टीममधल्या बाहेरच्यांना हे अडवता येण्यासारखं नव्हतं, कारण नाव कंपनीचं आणि रेपॉझिटरीही (कोडचं भांडार) कंपनीचीच.

कंपनीची तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही. पगार देऊन माणसं ठेवायची आणि त्याच कोडवर मोठ्या क्लाउड कंपन्यांनी कमवायचं, हे कुणालाही खुपेल. पण तो कोड एकट्या कंपनीने लिहिलेला नव्हता. बाहेरच्या कितीतरी लोकांनी तो बीएसडीच्या भरवशावर दिला होता, आणि त्या भरवशालाच धक्का बसला.

आठ दिवसांत, २८ मार्चला, लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे व्हॅल्की जाहीर झालं. रेडिस ७.२.४ वरून काढलेला फोर्क (त्याच कोडची वेगळ्या वाटेने जाणारी प्रत), पाठीशी अ‍ॅमेझॉन, गूगल, ओरॅकल, एरिक्सन आणि स्नॅप. ही मंडळी धर्मादाय करायला आलेली नाहीत. अ‍ॅमेझॉन आणि गूगल तर व्हॅल्कीची सेवाच विकतात. तरी इथे एक कुंपण घातलेलं आहे: तांत्रिक समितीत कुठल्याही एका कंपनीची माणसं एक तृतीयांशापेक्षा जास्त असू शकत नाहीत. एका कंपनीचं मन बदललं म्हणून प्रकल्प फिरत नाही.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर दोन्हीकडची 'कॉन्ट्रिब्यूटिंग' फाइल (कोड कसा द्यायचा याचे नियम) उघडा. व्हॅल्कीत प्रत्येक कमिटखाली (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी एक ओळ लागते. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, एवढीच ती ग्वाही. कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. रेडिसकडे कोड देताना करार मान्य करावा लागतो, आणि त्यामुळे कंपनीला तुमचा कोड पुढे दुसऱ्या लायसन्सखालीही देता येतो. माझ्या मते खरी तुलना इथेच संपते.

तरीही रेडिस घ्यावं अशी कारणं आहेत. सानफिलिप्पो २०२४च्या अखेरीस परतले. मे २०२५मध्ये आलेल्या रेडिस ८ला एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय मिळाला, म्हणजे ते पुन्हा रीतसर ओपन सोर्स झालं. जेसन दस्तऐवज, सर्च, टाइम सिरीज (वेळेनुसारच्या नोंदी) हे सगळं त्यात एकत्र मिळतं, शिवाय सानफिलिप्पोंनी लिहिलेले व्हेक्टर सेट (मिळत्याजुळत्या गोष्टी शोधण्यासाठी) आहेत. तुमचं काम यावर उभं असेल तर खुशाल रेडिस घ्या. रेडिसचा कोड न बदलता वापरलात तर एजीपीएलचा जाच नाही. मात्र त्यात बदल करून लोकांना नेटवर्कवरून सेवा दिलीत, तर बदललेला कोडही द्यावा लागतो. हे वकिलाला आधी दाखवा. काही कंपन्यांमध्ये एजीपीएलला सरसकट मनाई असते.

सेशन, कॅश, साधी रांग एवढंच असेल तर मी डोळे मिटून व्हॅल्की घेईन. अ‍ॅमेझॉनच्या इलास्टिकॅश या तयार कॅश-सेवेवर तर व्हॅल्कीचा दर रेडिसपेक्षा कमी ठेवून, सर्व्हरलेसला (वापराइतकेच पैसे) ३३ टक्के आणि नोडला (ठरावीक सर्व्हर) २० टक्के, सुरुवात झाली.

आधीच रेडिस चालू असेल तर आज आवृत्ती तपासा. ७.२ किंवा त्याआधीची असेल तर तीच आरडीबी फाइल (डिस्कवर साठवलेली डेटाची प्रत) व्हॅल्की उघडतं आणि अ‍ॅपमधला क्लायंटही (रेडिसशी बोलणारी लायब्ररी) बहुधा तसाच चालतो. ७.४ किंवा पुढची असेल तर ती फाइल व्हॅल्की घेत नाही; डेटा एकेक 'की' (नोंद) करून हलवावा लागतो. म्हणून ७.२वर असाल, तर ७.४ला अपग्रेड करण्याआधी हा निर्णय घेऊन टाका.