आठ महिने ‘सीएलडिव्हाइस’ : सगळं ‘ओके’ होतं, केबल सोडून

महापेच्या डेटा सेंटरमध्ये आमचा दोन नोडचा सोलारिस क्लस्टर आहे, म्हणजे एक पडला तर दुसरा काम उचलेल असे जोडलेले दोन सर्व्हर. गेले आठ महिने त्याचे डिस्क पाथ, म्हणजे सर्व्हरपासून डिस्कपर्यंतचे रस्ते, मी कमांड लाइनवरूनच बघतोय. रंगीत दिव्यांचा डॅशबोर्ड आमच्याकडे नाही, आणि रात्री ठाण्यातून व्हीपीएनवर बसल्यावर त्याची उणीवही भासत नाही.

रोजची कमांड ‘सीएलडिव्हाइस स्टेटस’. डिस्क, नोड आणि पुढे ओके किंवा फेल. आधी त्याच कामाची जुनी कमांड ‘एससीडीपीएम’ वापरायचो. नवी टाइप करायला लांब, पण वाचायला सोपी.

सुरुवातीला मी फक्त फेल झालेलेच पाथ मागवायचो. यादी रिकामी आली की लॅपटॉप बंद. स्टोरेज बदलताना काही डिस्कचं मॉनिटरिंग मीच थांबवलं होतं आणि परत चालू करायला विसरलो. अशी डिस्क ‘अनमॉनिटर्ड’ दिसते, ‘फेल’ नाही. दोन महिने ती माझ्या गाळणीतून निसटत राहिली. आता ओके नसलेलं सगळंच बघतो.

खरी फजिती जुलैत झाली. रॅकमध्ये कुणाचं तरी काम चालू असताना आमच्या एका एचबीएची (सर्व्हरला स्टोरेजशी जोडणाऱ्या कार्डाची) फायबर केबल सैल झाली. तीन आठवडे स्टेटस मात्र सगळीकडे ओके! कारण आमच्या डिस्क मल्टिपाथिंगवर आहेत, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणारे अनेक पाथ एकत्र बांधलेत, आणि क्लस्टरचं मॉनिटरिंग फक्त वरचा एकत्रित पाथ तपासतं, आतले प्रत्यक्ष पाथ नाही. ठाणे-बेलापूर रोडच्या दोन लेन बुडाल्या तरी ‘रस्ता चालू आहे’ म्हणावं, तसं. हा बिघाड नव्हे, त्याची रचनाच तशी आहे. आतले पाथ मोजायला ‘एमपाथअ‍ॅडम’ ही कमांड वेगळी चालवावी लागते.

ती मी चालवली एका बदलाच्या रात्री, सॅन स्विच (सर्व्हर आणि स्टोरेज यांच्या मधला स्विच) फर्मवेअरसाठी रीस्टार्ट करायच्या जरा आधी. ‘एमपाथअ‍ॅडम लिस्ट एलयू’ : एकूण पाथ ४, चालू २. प्रत्येक लनला (स्टोरेजमधून मिळालेल्या डिस्कला) तेच. आणि चालू असलेले दोन्ही नेमके त्याच स्विचमधून जाणारे! काम तिथेच थांबवलं. ऐरोलीत राहणारा सहकारी भर पावसात गेला, केबल नीट बसवली, चारही पाथ परत आले.

स्विच रीस्टार्ट केला असता तर? ‘रीबूट ऑन पाथ फेल्युअर’ हे क्लस्टरचं सेटिंग आम्ही चालू ठेवलंय. मुळात ते बंद असतं. नोडचे मॉनिटरिंगखालचे सगळे सामायिक डिस्क पाथ गेले आणि त्यातली एखादी डिस्क दुसऱ्या नोडला दिसत असेल, तर नोड स्वतःच रीबूट होतो. डेटाबेस दुसरीकडे उभा राहिला असता बहुतेक, पण रात्री एक वाजता हे ‘बहुतेक’ साहेबांना कोण सांगणार?

आता क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) दर १५ मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट चालते : एकूण आणि चालू पाथांचा आकडा जुळला नाही की मेल. थोडा त्रास आहेच. स्टोरेजवाल्यांनी लन काढला की ‘सीएलडिव्हाइस क्लिअर’ करेपर्यंत जुनी नोंद ‘सीएलडिव्हाइस स्टेटस’मध्ये उगाच ओरडत राहते. आणि स्क्रिप्ट त्याच नोडवर चालते, म्हणजे नोडच बसला तर मेलही नाही. ती बाहेरच्या एखाद्या मशीनवर हलवायची आहे. तीन महिने नुसतं म्हणतोय.