डिजिलॉकरवरून केवायसी करणारी सेवा: ब्लॉकचेन अ‍ॅपला कितपत पुरते?

७ मार्च २०२३ पासून क्रिप्टोची देवघेव करणाऱ्या सेवा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. एफआययू-इंडियाकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्राची यंत्रणा) नोंदणी आणि ग्राहकाची केवायसी त्यांना चुकत नाही.

कार्डाचा फोटो वाचणाऱ्या सेवेपेक्षा डिजिलॉकरवाली सरस. फोटोत खाडाखोड लपते, इथे कागद देणाऱ्या खात्याकडूनच येतो. पण ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. बीडच्या ऊसतोड मजुराचं सिम बदललेलं असलं की गाडी तिथेच अडते. म्हणून व्हिडिओ केवायसीची दुसरी वाट हवीच, आणि तीही कमी नेटवर्कवर चालणारी.

नावांची जुळणी मात्र कसून तपासा. पॅनवर ज्ञानेश्वर ‘डी’ने सुरू होतो, आधारवर ‘जी’ने, कुठे वडिलांचं नाव मध्ये असतं, कुठे नसतं. अक्षरन्‌अक्षर जुळवणारी सेवा खऱ्या माणसाला परत पाठवते. कराराआधी अशी पन्नास नमुना नावं चाचणीला द्याच.

आधार क्रमांकाचा हॅश (क्रमांकावरून गणिताने काढलेली सांकेतिक खूण) ब्लॉकचेनच्या साखळीवर टाकायला सांगणारा पुरवठादार सरळ नाकारा. क्रमांक बाराच अंकी. शक्य त्या सगळ्या क्रमांकांचे हॅश काढून, जुळवून मूळ क्रमांक शोधता येतो आणि साखळीवरचं पुसता येत नाही. तिथे फक्त ‘पडताळणी झाली’ एवढाच शिक्का ठेवा.