ऑइल हीटर, एक हिवाळा वापरल्यावर: सगळं ठीक, पण ती वायर!

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेतलेला नऊ फिनचा ऑइल हीटर काल पुसून, कव्हर घालून लॉफ्टवर ठेवला. वॅट, फिन, थर्मोस्टॅट हे सगळं दुकानदार सांगतोच, म्हणून ते लिहीत नाही. मला लिहायचंय ते त्याच्या वायरीबद्दल. टेप लावून मोजली: १४८ सेंटिमीटर, टॉपसकट, म्हणजे प्लगसकट. ८,४०० रुपयांच्या वस्तूला पाच फूटही वायर नाही.

घ्यायचं कारण आमचे आप्पा, माझे सासरे. वय ८१, दम्याचा जुना त्रास. फ्लॅट इंदिरानगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीवर थेट स्लॅब. नाशिकची थंडी पाहुण्यांना गुलाबी वाटते. पण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला निफाडचा पारा एक आकडी झाल्याचं पेपरात आलं, की आमच्याकडे पहाटे चारला आप्पांचा खोकला सुरू होतो. गार हवा आत गेली की दमेकऱ्याच्या श्वासनलिका आखडतात. गेल्या वर्षी दोनदा मध्यरात्री नेब्युलायझर काढावा लागला. यंदा खोलीत थर्मामीटर टांगला, तर पहाटे १६ अंश. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घरांविषयीच्या सूचनांमध्ये थंडीत घरात किमान १८ अंश असावेत असं म्हटलंय, आणि म्हातारी, आजारी माणसं असतील तर त्याहून जास्त. मग मात्र मी थांबले नाही.

आप्पांचं म्हणणं होतं, कोळशाची शेगडी ठेवा, गावी हेच करायचो. गावचं घर कौलारू होतं, धूर वर जायचा. बंद फ्लॅटमध्ये निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. तिथे मी एक शब्द ऐकून घेतला नाही. लाल रॉडचा हीटर गोधडीच्या भीतीने नको होता. म्हणून ऑइलचा.

पहिल्या पंधरा दिवसांत मी खूश होते. आवाज नाही, उजेड नाही, तेल आतच सीलबंद, कधी भरायचं नाही. खोली उबायला अर्धा तास लागतो, पण बंद केल्यावरही ऊब बराच वेळ राहते. आप्पा पहिल्यांदा सहापर्यंत सलग झोपले.

पण ठेवायचा कुठे? बहुतेक जुन्या फ्लॅटमध्ये १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट तीनच ठिकाणी असतो: बाथरूममध्ये गिझरला, ओट्याजवळ, आणि बेडरूममध्ये एसीसाठी, तोही सात फुटांवर. आमच्याकडे एसी नाही, पॉइंट आहे. तिथे वायर लावली तर हीटर जमिनीवर टेकतच नाही. दीड मीटरची वायर देणाऱ्याने आपल्याकडची घरं पाहिलेली नाहीत असंच मला वाटतं. शेवटी यांनी एक्स्टेन्शन बोर्ड आणि मोठ्या टॉपचा छोटा करणारा कन्व्हर्जन प्लग आणला. हीटर एक हजार वॅटवर असेपर्यंत चाललं. डिसेंबरच्या एका कडाक्याच्या रात्री बटण २,५०० वर गेलं. तासाभरात प्लॅस्टिक जळल्याचा वास. बोर्ड वितळून टॉपला चिकटलेला, एक पिन काळीठिक्कर. आप्पांच्या उशीपासून दोन हातांवर! ती रात्र मी विसरणार नाही.

सर्व्हिस सेंटरचा माणूस चौथ्या दिवशी आला. त्या चारही रात्री पारा उतरलेलाच होता. "मॅडम, जळालेली वायर वॉरंटीत बसत नाही." वायर आणि व्हिजिट मिळून ९७० रुपये. मी म्हटलं, पैसे देते, पण तीन मीटरची वायर बसवून द्या. नाही म्हणाला, कंपनीची तेवढीच येते. दोनदा फोन केले, दोन्ही वेळा तेच उत्तर. त्या दिवशी मी हे लिहायला बसले असते तर एक स्टार दिला असता.

मग आमचे नेहमीचे इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी जळका बोर्ड उलटा करून दाखवला. "ताई, हे बघा, सहा अँपिअर लिहिलंय. हजार वॅटला साडेचारच्या आत करंट जातो, अडीच हजारला जवळजवळ अकरा. हीटरचं काही चुकलं नाही." वॉरंटीचं भांडण मी तिथेच सोडलं, कारण मॅन्युअलमध्येही एक्स्टेन्शन वापरू नका असं छापलेलं आहे. लांब वायर का देत नाहीत हेही मी विचारलं. वायर पायात येते, गोधडीखाली, पलंगाखाली दबली की तापते, असं ते म्हणाले. हे मला पटलं. तरी दोन मीटर द्यायला काय हरकत होती?

इलेक्ट्रिशियन दादांनी एसीच्या पॉइंटपासून खाली चार एमएमची तांब्याची वायर केसिंग पट्टीतून आणली, पलंगापासून चार फुटांवर नवा १६ अँपिअरचा सॉकेट बसवला. १,१५० रुपये. त्यानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत टॉपला हात लावून पाहत होते, कोमटसुद्धा झाला नाही.

आता बिल. आमचं घर एरवी २३० युनिटच्या आसपास चालतं. पहिला महिना रात्रभर हीटर लावला तर ३६८ आले, आणि ३०० च्या वर महावितरणचा दर एकदम चढतो. मग रोजचं रीडिंग कॅलेंडरवर लिहायला लागले. हजार वॅटवरच ठेवायचा, साडेनऊ ते साडेदहा आणि पहाटे चार ते सहा. थर्मोस्टॅट मधेमधे बंद करतो, त्यामुळे रोज दोन युनिट पडतात. जानेवारीत २८९ आले. खिडकीच्या फटींना फोमची पट्टी ६० रुपयांत लावली, तिचा उपयोग मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट झाला. पहाटे थर्मामीटर १९ दाखवायला लागला.

हवा कोरडी होत नाही असं खोक्यावर लिहिलंय, ते खरं नाही. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, मग हीटर कोणताही असो. आप्पांचा घसा सुकायचा. खोलीत पाण्याचं पसरट पातेलं ठेवलं, झोपताना कोमट पाणी द्यायला लागले, मग बरं वाटलं. पण हीटरवर कानटोपी, मोजे वाळत घालायचं त्यांनी सोडलं नाही, रोज उचलावे लागत.

नेब्युलायझर यंदा एकदाच काढला, तोही सर्व्हिसवाला येईपर्यंतच्या त्या चार दिवसांत. चार स्टार. पाचवा वायरीमुळे नाही.

सिन्नरच्या माझ्या नणंदेला असाच हवाय. तिला म्हटलं, आधी पलंगापासून पॉवर पॉइंटपर्यंत टेप लाव. अकरा फूट निघालं. हीटर अजून घेतलेला नाही, इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय.