क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवत सफारी: सहा रात्रींचा हिशेब

ताडोब्यात जिप्सी आणि गाईड घेतल्याशिवाय कोअरमध्ये सोडत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कमध्ये भाड्याची साधी कार चालते. गेटवर कागद दाखवायचे, पैसे भरायचे आणि उत्तर-दक्षिण साधारण 350 किलोमीटर पसरलेल्या जंगलात दिवसभर मर्जीने फिरायचं. मुख्य अट ही, की अंधार पडायच्या आत कॅम्पच्या फाटकात परत यायचं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी यासारखी सोय जगात फार ठिकाणी नाही. रस्ते, पाट्या, पाणवठे आणि कुंपणातले कॅम्प या बाबतीत सॅनपार्क्सचं, म्हणजे पार्क चालवणाऱ्या सरकारी संस्थेचं, काम उत्तम आहे. खोल्या ठीकठाक, जेवण यथातथाच. तेव्हा पैसे आणि डोकं खर्च करायचं ते दोन गोष्टींवर: कुठला कॅम्प आणि कुठली गाडी.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोनच कॅम्प धरावेत, एक दक्षिणेतला आणि एक मध्य भागातला. तीन रात्री लोअर साबी, तीन रात्री सातारा. हो, सातारा! सर्व्हेअरच्या हाताखालच्या भारतीय माणसाने नकाशावर प्लॉटला ‘सतरा’ लिहिलं आणि त्याचं सातारा झालं, अशी गोष्ट तिथे सांगतात. कंदी पेढे मिळत नाहीत, सिंह मात्र हमखास याच भागात. कारण जमिनीत आहे. पार्कच्या पूर्व बाजूला बेसाल्टची काळी माती आहे, तिच्यावर गोडसर गवताची मोकळी मैदानं. त्या गवतामागे झेब्रे आणि विल्डबीस्ट (मोठ्या अंगाची हरणं), त्यांच्यामागे सिंह. पश्चिमेकडे ग्रॅनाइट आणि दाट झुडपं. प्राणी तिथेही आहेत, पण नजरेला पडत नाहीत. स्कुकुझा हा सर्वांत मोठा कॅम्प. सोयी सगळ्या, पण गर्दी एखाद्या गावासारखी.

आरक्षण 11 महिने आधी उघडतं. दोन बेडरूमचं फॅमिली कॉटेज प्रत्येक कॅम्पात मोजकंच असतं, ते आधी संपतं. ते हुकलं तर शेजारशेजारचे दोन बंगले घ्यावेत. खोलीच्या भाड्याशिवाय परदेशी पाहुण्याला रोजची संवर्धन फी पडते, मोठ्या माणसाला 500 रँडच्या (तिथलं चलन) वर आणि 2 ते 11 वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मी. हा दर बहुधा दरवर्षी नोव्हेंबरात वाढतो. पुष्कळांच्या बजेटमध्ये हा आकडा नसतो आणि चौघांचे सहा दिवस गुणले की धक्का बसतो.

पार्कबाहेरची हॉटेलं स्वस्त पडतात, तरी आत राहण्यात फायदा आहे. नोव्हेंबर ते जानेवारीत कॅम्पचं फाटक पहाटे 4:30 ला उघडतं, पार्कचं बाहेरचं गेट 5:30 ला. तो एक तास म्हणजे सिंह-तरस अजून रस्त्यावर असण्याचा तास. बाहेर राहणारा गेटवरच्या रांगेत उभा असतो. शिवाय दिवसापुरत्या येणाऱ्या गाड्यांना कोटा आहे, सुट्टीच्या दिवसांत बुकिंगशिवाय गेलं तर परतावं लागतं.

आता गाडी. डांबरी रस्त्यांना आणि बहुतेक कच्च्या रस्त्यांनाही छोटी सेडान पुरते, फोर बाय फोरची गरज नाही. गरज आहे ती उंचीची. गवत वाढलेलं असताना सेडानमधून फक्त गवत दिसतं, एसयूव्हीतून त्यापलीकडचा चित्ता दिसतो. पाच माणसं पाच सीटच्या गाडीत कोंबू नयेत. मागच्या मधल्या सीटवरच्याला समोरच्या डोक्यांखेरीज काही दिसत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीवरून भांडणं सुरू होतात. चौघांना एसयूव्ही, पाच-सहा जणांना सात सीटची गाडी, शेवटच्या रांगेतली रिकामी सीट पाडून तिथे सामान. तिथेही गाडी डावीकडूनच चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्याला जड जात नाही. परवाना इंग्रजीत असेल तर चालतो, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून नेलं की काउंटरवर वाद होत नाही. गाडी ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचं लागतं. डिपॉझिटला डेबिट कार्ड बरेचदा नाकारतात. विमा घेताना टायर आणि काचेचं कव्हर वेगळं मागून घ्यावं, मूळ विम्यात ते बहुधा नसतं आणि कच्च्या रस्त्यावर नेमकं तेच जातं. स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक जागेवर आहे का, हे विमानतळाच्या पार्किंगमध्येच बघावं.

जोहान्सबर्ग विमानतळापासून एन-फोर महामार्गाने मालेलान किंवा क्रोकोडाइल ब्रिज गेट चार-साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी नऊच्या आत निघावं. रात्री उतरणाऱ्या विमानाने आलात तर विमानतळाजवळ झोपा, अंधारात हा रस्ता धरू नका. नंबी गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर 2022 मध्ये पर्यटकांवर जीवघेणा हल्ला झाला होता, तो रस्ता टाळलेलाच बरा.

गेटवर पोहोचलात म्हणजे कॅम्पवर पोहोचलात असं नाही. आत वेगमर्यादा डांबरीवर ताशी 50, कच्च्यावर 40 आणि स्पीडगन घेऊन खरोखर उभे असतात. थांबत-बघत जाताना सरासरी पडते 25 ची. क्रोकोडाइल ब्रिज ते लोअर साबी 34 किलोमीटर म्हणजे दीड तास धरावा. लोअर साबी ते सातारा 93 किलोमीटर, म्हणजे नाश्ता धरून अख्खी सकाळ. मे ते जुलै फाटकं संध्याकाळी 5:30 ला बंद होतात. उशीर झाला तर दंड, आणि रस्त्यात हत्तींचा कळप उभा होता ही सबब तिथल्या माणसाने आधीच शंभर वेळा ऐकलेली असते.

मुलं बरोबर असतील तर मार्ग प्राण्यांवरून ठरत नाही, स्वच्छतागृहांवरून ठरतो. गाडीतून उतरायची परवानगी फक्त कॅम्प, गेट, पिकनिक स्पॉट, पक्षी बघायचे आडोसे आणि पाटी लावलेल्या काही ठरावीक जागांवर. स्कुकुझा-लोअर साबी रस्त्यावर अधेमध्ये न्कुहलू पिकनिक स्पॉट आहे. सातारा-स्कुकुझा रस्त्यावर त्शोक्वाने. साताऱ्याजवळचा एस-100 हा कच्चा रस्ता सिंहांसाठी नावाजलेला, पण त्यावर काहीही नाही, थेट न्वानेत्सी पिकनिक स्पॉटला गेल्यावर सोय. म्हणून एस-100 ला निघण्याआधी सगळ्यांना सक्तीने पाठवावं, ‘मला नाही लागली’ म्हणणाऱ्यालाही.

दिवसाची घडी अशी ठेवावी: फाटक उघडताना बाहेर, दहा-अकराला परत, दुपारी झोप किंवा पोहणं, तीनला पुन्हा बाहेर. दुपारच्या उन्हात प्राणी झाडाखाली पडून असतात. अकरा तास गाडीत बसवलेलं मूल दुसऱ्या दिवशी सफारीचं नाव काढू देत नाही. वेग 20-25 ठेवा, खिडक्या खाली. झुडपाकडे बघू नका, झुडपातून आरपार बघा. इंपाला हरणं चरायची थांबून सगळी एकाच दिशेला टक लावून उभी असतील, तर तिकडे कोणीतरी आहे. लोअर साबीला जाणाऱ्या नदीकाठच्या रस्त्यावर मोठ्या उंबरवर्गी झाडांच्या आडव्या फांद्या तपासायच्या, बिबट्याची शेपटी खाली लोंबते. काहीच दिसेना झालं तर लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर इंजिन बंद करून अर्धा तास बसावं. पाणघोडे आणि मगरी तिथे बसल्या जागी दिसतात. दुर्बीण माणशी एक हवी, एकीवर चौघे म्हणजे कोणालाच काही दिसत नाही. कॅम्पमधल्या फळ्यावर लोक काय कुठे दिसलं ते पिना लावून दाखवतात. सकाळचा सिंह संध्याकाळी तिथेच असेल असं नाही, पण शिकारीवर बसलेला असेल तर बरेचदा असतो.

सिंहांपेक्षा सांभाळायचं ते हत्तींना. डोळा आणि कान यांच्यामधून गालावर ओघळ आलेला, मागचे पाय लघवीने भिजलेले आणि एकटा चालत येणारा नर दिसला की तो माजावर आहे असं समजावं. त्याला रस्ता द्यायचा, म्हणजे गाडी बाजूने काढायची नाही, मागे घ्यायची, गरज पडली तर अर्धा किलोमीटर. हत्ती जवळ असताना इंजिन चालूच ठेवावं. मागे गाडी येऊन खेटली की सुटका राहत नाही, त्यामुळे कळपापाशी थांबताना मागे मोकळी जागा आहे ना ते आधी बघा. माद्या आणि पिल्लं यांच्यामध्ये गाडी नको. पंक्चर झालं तर गाडीतच बसायचं, पार्कच्या प्रवेश-परवान्यावरच्या आपत्कालीन नंबरला फोन करायचा. कॅम्पपासून लांब मोबाईलला रेंज नसते, तेव्हा येणाऱ्या गाडीला हात करून कॅम्पवर निरोप पाठवायचा. सनरूफमधून डोकं बाहेर काढणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी दम द्यावा, तो नियमभंग आहे.

जेवण ही दुखरी बाजू. कॅम्पमधली रेस्टॉरंटं बर्गर, स्टेक, पिझ्झा या वळणाची. शाकाहाऱ्याला दोन दिवसांत चिप्सचा कंटाळा येतो. कॅम्पच्या दुकानात कांदे, बटाटे, अंडी, ब्रेड, टिकाऊ दूध मिळतं, कोथिंबीर-मिरचीची आशा धरू नये. मोठी खरेदी म्बोम्बेला किंवा मालेलान गावात उरकावी. डाळ-तांदूळ-मसाले जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात, ओरिएंटल प्लाझाच्या आसपास भरपूर. बुकिंग करताना खोलीत स्वयंपाकघर आहे का ते नीट वाचावं, काही झोपड्यांना सामायिक ओटाच असतो. भांडी मिळतात, पण कुकर नाही आणि सुऱ्या बोथट, म्हणून तीन लिटरचा कुकर आणि एक धारेची सुरी सामानात टाकावी, केबिन बॅगेत नाही. तिथलं प्लग सॉकेट आपल्या गिझरच्या तीन मोठ्या गोल पिनांचं, त्यामुळे घरचा 16 अँपिअरचा जुना प्लग लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेला की चौघांचे चार्जर एकावर भागतात.

माकडं आणि बॅबून तिथे पक्के चोर आहेत. व्हरांड्यातल्या फ्रिजची कडी लावायला विसरलात की ब्रेड गेला. रात्री कचऱ्याच्या डब्यांना हनी बॅजर (मुंगसासारखा धीट प्राणी) येतात. बंगल्याबाहेर निखाऱ्यावर शिजवायची जाळी असते, कोळसा दुकानात. भरीत आणि कणसं त्यावर झकास होतात.

मोसमाबद्दल: जून ते सप्टेंबर कोरडा, गवत बसलेलं, प्राणी पाणवठ्यावर. पण पहाटे कडाक्याची थंडी, स्वेटर-टोपी हवीच, विशेषतः उघड्या ट्रकच्या सफारीला. ही पार्कचीच गाईडसह सफारी एकदा जरूर घ्यावी, फाटकं बंद झाल्यावर रात्री फिरण्याचा तोच मार्ग. सहा वर्षांखालच्यांना ती नाही, आणि पायी फेरीला किमान 12 वर्षं. उन्हाळ्यात (तिथे तो साधारण नोव्हेंबर ते मार्च) हिरवळ, इंपालांची पिल्लं, पक्षी खूप, पण ऊन आणि पाऊस. फेब्रुवारी 2000 च्या पुरात रस्ते-पूल वाहून गेले होते. जानेवारी ते मार्चमध्ये कुठले बुटके पूल बंद आहेत हे रोज रिसेप्शनवर विचारावं.

कागदपत्रांत व्हिसाला मुलांच्या जन्मदाखल्यावर आई-वडील दोघांची नावं लागतात, एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाच्या लशीचा नियम जाताना-येताना दोन्हीकडचा तपासावा. दाखला लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतो.

क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे, पावसाळी महिन्यांत धोका जास्त. गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. पाच वर्षांखालचं मूल असेल तर सन सिटीजवळचं पिलान्सबर्ग घ्यावं, तिथे मलेरिया नाही आणि स्वतःची गाडीही चालते. परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत कोणालाही ताप आला तर ‘आफ्रिकेहून आलोय’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा आणि मलेरियाची तपासणी करून घ्या, गोळ्या घेतल्या असल्या तरीही.